अली हात खाली ठेवायचा, मग माझ्या मुलाने का ठेवू नयेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चौदा वर्षांचा, दोन वर्षं बॉक्सिंग शिकतोय. मोबाइलवर मुहम्मद अलीच्या लढती पाहून पाहून त्याने गार्ड, म्हणजे तोंडासमोर हात धरणं, सोडलंय. हात कमरेशी आणि ठोसा आला की मान मागे. प्रशिक्षक रोज ओरडतात. मुलगा म्हणतो, "अली तीनदा जगज्जेता झाला, तो काय वेडा होता?" घरात आजीचं वेगळंच. अलीचे हात थरथरायचे ते डोक्यावर मार खाऊनच, तेव्हा पोराला आत्ताच काढा. वडील विचारतात, आम्ही कोणाचं ऐकायचं?

मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय आणि दर वर्षी एक तरी पोर अलीसारखं उभं राहून दाखवतं. तेव्हा उत्तर आधीच देतो. तुमचे प्रशिक्षक बरोबर आहेत आणि आजींची काळजी अजिबात हसण्यावारी नेऊ नका. पण मुलाला "अलीचं चुकत होतं" एवढं सांगून भागणार नाही. त्याने ते व्हिडिओ पाहिलेत, त्याला पटणार नाही. अली तसा का उभा राहू शकत होता, तसं उभं राहणं त्याला कधीपर्यंत जमलं आणि पुढे त्याची काय किंमत पडली, हे त्याला नीट कळलं पाहिजे. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

अलीचे हात खाली असायचे ते आळसाने नव्हे. उंची 191 सेंटिमीटर, आणि दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत 198. इतक्या लांब हातांच्या माणसाला समोरच्याचा ठोसा जिथे संपतो त्याच्या चार बोटं पलीकडे उभं राहता येतं. तिथे उभं राहिलं की हात तोंडाशी धरायची गरज कमी होते. शिवाय कमरेपासून सुटलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसायला उशीर लागतो, कारण समोरच्याची नजर तुमच्या खांद्यांवर आणि तोंडाकडे असते आणि जॅब खालून येतो.

आता ते मागे झुकणं. आम्ही पहिल्या महिन्यातच सांगतो, ठोसा आला तर डोकं बाजूला काढा, गुडघ्यात वाका, नाहीतर हाताने अडवा, पण सरळ मागे झुकू नका. मागे झुकलं की सगळं वजन टाचांवर जातं. पहिला ठोसा चुकतो, पण दुसरा आला की जायला जागाच उरत नाही. अली नेमकं हेच करायचा आणि सुटायचा, कारण त्याचे पाय आधीच निघालेले असायचे. मान मागे गेली त्याच क्षणी तो डावीकडे दोन पावलं सरकलेला असायचा. दुसरा ठोसा रिकाम्या जागी पडायचा. तुमच्या मुलाला मोबाइलवर मान दिसते. पाय दिसत नाहीत, कारण त्या छोट्या क्लिपा बहुतेक वेळा कमरेवरच कापलेल्या असतात.

हे पाय कुठून आले, तेही मुलाला सांगा. अलीचं मूळ नाव कॅशियस क्ले. जन्म 17 जानेवारी 1942, अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी. वडील दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातफलक रंगवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. बारा वर्षांचा असताना त्याची नवी सायकल चोरीला गेली. तक्रार द्यायला गेला तो जो मार्टिन या पोलिसाकडे, आणि मार्टिन त्याच इमारतीच्या तळघरात मुलांना बॉक्सिंग शिकवायचे. चोर सापडला तर त्याला बदडून काढीन, असं पोरगं म्हणालं. मग आधी बदडायला शिक, असं मार्टिनचं म्हणणं पडलं. सहा आठवड्यांनी त्याची पहिली लढत झाली. पुढची सहा वर्षं तो मार्टिनकडे आणि फ्रेड स्टोनर या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे घाम गाळत होता. शाळेची बस सोडून तिच्या बाजूने पळत जायचा. अठराव्या वर्षी, 1960 मध्ये, रोम ऑलिंपिकच्या लाइट हेवीवेट गटात त्याने सुवर्णपदक घेतलं तेव्हा त्याच्या हौशी लढतींची संख्या शंभराच्या घरात गेली होती. आपण ज्याला उपजत देणगी म्हणतो तिच्याखाली एवढा पाया होता. देणगी होतीच, डोळे आणि हातांचा वेग त्याने कुठून विकत आणला नव्हता. पण अंतराचा अंदाज शेकडो वेळा समोर माणूस उभा राहिल्याशिवाय येत नाही.

व्यावसायिक झाल्यावर त्याला मायामीत अँजेलो डंडी हे प्रशिक्षक मिळाले. मी प्रशिक्षक म्हणून डंडींकडून एक गोष्ट शिकलो. त्यांनी अलीचे हात जबरदस्तीने वर करायला लावले नाहीत. एखादी गोष्ट त्याने करावी असं वाटलं, तर ती त्याने आधीच केली आहे असं समजून ते त्याचं कौतुक करायचे. पण ही मुभा त्यांनी ऑलिंपिक विजेत्याला दिली होती. दोन वर्षं शिकलेल्या पोराला ती देता येत नाही.

आणि आता मुलाला दाखवायची खरी गोष्ट. अलीच्या 61 व्यावसायिक लढती झाल्या. त्यांत तो निर्विवादपणे खाली पडला तो तीन वेळा. (चौथी नोंद 1975 मध्ये चक वेपनरविरुद्धची आहे, पण तिथे वेपनरचा पाय अलीच्या पायावर पडला होता, म्हणून ती मी धरत नाही.) पहिल्यांदा फेब्रुवारी 1962 मध्ये न्यूयॉर्कला सॉनी बँक्सने पाडलं, पहिल्याच राउंडमध्ये. दुसऱ्यांदा जून 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपरने, चौथ्या राउंडच्या अगदी शेवटी. घंटा वाजली म्हणून वाचला. डंडींनी फाटलेल्या ग्लोव्हकडे रेफ्रीचं लक्ष वेधून आणखी काही क्षण मिळवले आणि पुढच्याच राउंडमध्ये कूपरच्या भुवईवरची जखम एवढी वाहू लागली की लढत थांबली. तिसऱ्यांदा मार्च 1971 मध्ये जो फ्रेझरने, पंधराव्या राउंडमध्ये.

नऊ वर्षांत तीन वेगवेगळे बॉक्सर आणि तिघांचा ठोसा एकच, डावा हूक. जॅब सरळ येतो, त्याच्यापासून मागे झुकून सुटता येतं. हूक बाहेरून वळून येतो आणि उजव्या जबड्यावर बसतो. तो अडवायला उजवा हात गालाशीच लागतो. अलीचा उजवा हात तिथे नसायचा. जगातल्या सगळ्यात चपळ हेवीवेटलाही ही फट बुजवता आली नाही. तुमचे प्रशिक्षक "हात वर, हात वर" म्हणून ओरडतात ते याच डाव्या हूकसाठी.

1964 ते 1967 या तीन वर्षांत मात्र ती फट गाठायला कोणाला वेळच मिळाला नाही. 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीचला त्याने सॉनी लिस्टनला हरवलं. लिस्टन सातव्या राउंडसाठी स्टुलावरून उठलाच नाही. त्या लढतीच्या आधी सट्टेवाल्यांनी क्लेवर एकास सातचा भाव लावला होता, म्हणजे तो हरणार हे जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललं होतं. पाचव्या राउंडच्या आधी डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला दिसेनासं झालं होतं. माझे ग्लोव्ह कापा, असं तो म्हणत होता. डंडींनी डोळे धुतले आणि त्याला रिंगमध्ये ढकललं. तो आख्खा राउंड तो आंधळ्यासारखा, पण पायांवर खेळला. काही दिवसांनी त्याने मुहम्मद अली हे नाव घेतलं. याच काळातली नोव्हेंबर 1966 ची क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची ह्यूस्टनची लढत मी माझ्या मुलांना आवाज बंद करून दाखवतो. तीन राउंडांत संपली. माझ्या मते त्याहून सुंदर बॉक्सिंग कुठल्याच हेवीवेटने केलेलं नाही.

आणि तिथेच खंड पडला. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनला सैन्यभरतीच्या वेळी नाव पुकारलं गेलं तेव्हा तो पुढे झाला नाही. व्हिएतनामच्या युद्धाला त्याचा धर्माच्या आणि विवेकाच्या आधारे विरोध होता. बॉक्सिंगचे परवाने गेले, किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपील चालू असल्याने तुरुंगात गेला नाही, पण पासपोर्टही नसल्याने बाहेरदेशी लढताही येईना. सर्वोच्च न्यायालयाने जून 1971 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, आठ विरुद्ध शून्य. पण त्याआधीच रिंगबाहेर साडेतीन वर्षं गेली होती. पंचविसाव्या वर्षी थांबलेला माणूस अठ्ठावीस वर्षांचा होऊन परत आला. हेवीवेटसाठी याहून मोलाची वर्षं नसतात आणि ती त्याने जाणूनबुजून दिली. माझ्या लेखी त्याच्या जगज्जेतेपदाच्या सगळ्या पट्ट्यांहून हे मोठं आहे, आणि मुलाला अलीची कुठली गोष्ट घ्यायची असेल तर ही घेऊ दे.

ऑक्टोबर 1970 मध्ये अटलांटाला जेरी क्वारीविरुद्ध तो परत उभा राहिला. पहिले दोन राउंड जुना अली वाटतो. नंतरच्या लढती ओळीने पाहिल्यात तर लक्षात येईल, तीन-चार राउंड नाचून झाले की पाय जमिनीला टेकतात. डोळे तेच, हात जवळपास तेच, पण पाय गेलेले. आणि पाय गेल्यावर त्याला स्वतःबद्दल एक नवी गोष्ट कळली, ती म्हणजे आपण मार सोसू शकतो. मला विचाराल तर अलीच्या आयुष्यातली सगळ्यात घातक गोष्ट हीच. ज्याला मार सोसत नाही तो वेळेवर घरी जातो.

8 मार्च 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली आणि फ्रेझर दोघंही अजिंक्य, दोघांनाही पंचवीस-पंचवीस लाख डॉलर. फ्रेझरने पंधरा राउंड अलीला दोरांवर दाबून धरलं आणि गुणांवर हरवलं. दोन वर्षांनी सॅन डिएगोला केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला, तरी तो शेवटपर्यंत उभाच राहिला. लोक टाळ्या वाजवतात अशा गोष्टींना. मीही तरुणपणी वाजवल्या.

मग किन्शासा. 30 ऑक्टोबर 1974, झाईरमध्ये (आजचं काँगो) पहाटे चार वाजता. समोर पंचवीस वर्षांचा जॉर्ज फोरमन, चाळीस लढती, चाळीस विजय, त्यांतले 37 नॉकआउट. ज्या फ्रेझर आणि नॉर्टनकडून अली हरला होता त्या दोघांनाही फोरमनने प्रत्येकी दोन राउंडांत संपवलं होतं. अली बत्तीस वर्षांचा. त्याच्या स्वतःच्या माणसांनाही त्याच्यासाठी भीती वाटत होती.

ही लढत मुलाला पूर्ण दाखवा, कारण तिच्याबद्दल चुकीचं फार बोललं जातं. अली दोरांना टेकून नुसता मार खात राहिला आणि फोरमन दमला, असं सांगतात. तसं नव्हतं. पहिल्या राउंडमध्ये अलीने जॅबने वाट न करता थेट उजवे ठोसे मारले. हा फार धाडसाचा प्रकार आहे. उजव्या हाताला लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून चांगल्या बॉक्सरसमोर कोणी तसं करत नाही. फोरमनला ते अपेक्षितच नव्हतं. पण पहिल्याच राउंडमध्ये अलीला हेही कळलं की फोरमन रिंगचे कोपरे अचूक कापतो. अलीला सुटायला तीन पावलं लागत होती तिथे फोरमनला एक पुरत होतं. म्हणजे पायांवर पंधरा राउंड निघणार नाहीत. दुसऱ्या राउंडपासून तो दोरांवर गेला. उकाड्याने दोर सैल पडले होते, त्यामुळे कमरेपासून बराच मागे झुकता येत होतं. कोपरं पोटाशी आणि हात डोक्याला लावलेले. नीट पाहा, या लढतीत दोरांवर असताना त्याचे हात वर आहेत. डंडी खालून ओरडत होते की दोरांवरून बाहेर ये, कारण हा बेत त्यांनाही माहीत नव्हता. मिठी पडली की अली फोरमनची मान खाली दाबायचा, नियमाला सोडून होतं ते, पण दमवायचं काम करत होतं. आणि प्रत्येक राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तोंडावर सरळ, नेमके ठोसे. पाचव्या राउंडनंतर फोरमनचे हात जड झाले. आठवा राउंड संपायला दोन सेकंद उरली असताना फोरमन जमिनीवर होता.

मी ही लढत किती वेळा पाहिली असेल त्याला हिशेब नाही. डोक्याने जिंकलेली याहून मोठी लढत मला माहीत नाही. पण तिची तयारी कशी झाली तेही सांगतो. पेनसिल्व्हेनियात डीअर लेकला अलीचा कँप होता. तिथे तो सरावात दोरांना टेकून उभा राहायचा आणि तगड्या स्पारिंग पार्टनरना, म्हणजे सरावाच्या लढतीतल्या जोडीदारांना, सांगायचा, मारा. अंग टणक करायचं म्हणून. पोटावरचा मार वेगळा. पण स्पारिंगमध्ये डोकं मोकळं राहत नाही. रेकॉर्डबुकात 61 लढती लिहिल्यात. त्या कँपमधले राउंड कोणी लिहून ठेवलेले नाहीत.

पुढच्या वर्षी, 1 ऑक्टोबर 1975 ला, मनिला. तिसऱ्यांदा फ्रेझर. अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी लढत सकाळी ठेवलेली, हॉलमध्ये दमट उकाडा. चौदा राउंड. आधी अली, मग मधले राउंड फ्रेझर, मग परत अली. तेराव्या-चौदाव्या राउंडपर्यंत फ्रेझरचा उजवा डोळा मिटला होता, आणि त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणजे त्याला काहीच दिसत नव्हतं. शेवटच्या राउंडच्या आधी त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर विनवत होता, तीन मिनिटं राहिलीत. फच यांनी ऐकलं नाही. पलीकडे अलीही स्टुलावरून कसाबसा उठला आणि तिथेच कोसळला. मरणाच्या सगळ्यात जवळ आपण त्या दिवशी गेलो, असं तो नंतर सांगायचा.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेत माझा एक मुलगा दुसऱ्या राउंडमध्ये दोनदा डगमगला. गुणांवर पुढे होता. स्टुलावर बसून म्हणाला, "सर, एकच राउंड राहिलाय." टॉवेल माझ्या खांद्यावर होता, तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते. मी त्याला जाऊ दिलं. तो जिंकला. त्यानंतर दोन दिवस त्याची जीभ जड होती आणि त्याला घरचा जिना चढताना कठडा धरावा लागत होता. तो बरा झाला, आज कामधंद्याला आहे, मला भेटला की वाकून नमस्कार करतो. ती चूक माझी होती आणि मला ती अजून टोचते. त्यानंतर मी पोराचं ऐकलेलं नाही, आईबापांचंही ऐकलेलं नाही. म्हणून मनिलाच्या गोष्टीत मला सगळ्यात मोठे वाटतात ते एडी फच.

अलीजवळ त्यानंतर फच यांच्यासारखं कोणी नव्हतं. म्हणजे होतं, पण चाललं नाही. सप्टेंबर 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्ध पंधरा राउंड खेळला. शेव्हर्स म्हणजे त्या काळातला सगळ्यात जड हात. अली जिंकला. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा अहवाल अलीला आणि त्याच्या जवळच्या माणसांना पाठवला, थांबायला सांगितलं. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा डॉक्टर त्याला सोडून गेले. फेब्रुवारी 1978 मध्ये अवघ्या सात व्यावसायिक लढती खेळलेल्या लिऑन स्पिंक्सने त्याला हरवलं. सप्टेंबरमध्ये अलीने किताब परत मिळवला. तुमचा मुलगा म्हणतो ते "तीनदा" इथे पुरं झालं, 1964, 1974 आणि 1978. 1979 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं.

जानेवारी 1980 मध्ये तो आपल्याकडे आला होता. 27 तारखेला दिल्लीत त्याने आपल्या लष्करातल्या कौर सिंग यांच्याशी चार राउंडांची प्रदर्शनीय लढत केली. तेच कौर सिंग पुढे 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्या लढतीचे फोटो पाहिलेत तर अली हसतोय, गर्दी वेडी झालीय. तो नुकताच अडतीस वर्षांचा झाला होता. साधारण आठ महिन्यांनी, 2 ऑक्टोबर 1980 ला, लास व्हेगासला तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला.

होम्स एकेकाळी डीअर लेकला त्याचाच स्पारिंग पार्टनर होता. अलीने वजन झपाट्याने उतरवलं होतं आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे तो आरशात तरुण दिसत होता. रिंगमध्ये त्याच्या अंगात काहीच नव्हतं. घामसुद्धा येत नव्हता. होम्स मारता मारता रेफ्रीकडे पाहत होता, थांबवा म्हणून. दहाव्या राउंडनंतर डंडींनी थांबवलं, तेव्हाही कॉर्नरमधला एक जवळचा माणूस डंडींचा स्वेटर ओढत आणखी एक राउंड मागत होता. लढतीनंतर होम्स रडला. आणि हेही शेवटचं नव्हतं. डिसेंबर 1981 मध्ये बहामाजला ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध दहा राउंड खेळून तो हरला. आयोजनाची अशी दैना की रिंगची घंटा सापडेना, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून राउंड चालवले. 56 विजय, 5 पराभव. पाचांतले तीन शेवटच्या चार लढतींमधले.

आता आजींचा मुद्दा. 1984 मध्ये अलीला पार्किन्सनचं, म्हणजे हात थरथरवणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान झालं, वय बेचाळीस. तो बॉक्सिंगमुळेच झाला, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. ज्यांनी कधी ग्लोव्ह घातले नाहीत अशांनाही हा आजार होतो. पण डोक्याला वारंवार मार बसला की त्याचा धोका वाढतो, आणि अलीच्या बाबतीत खुणा निदानाच्या खूप आधी दिसत होत्या. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्याच्या जुन्या मुलाखती ऐकून दर सेकंदाला तो किती अक्षरं उच्चारतो ते मोजलं. 1968 ते 1981 या काळात त्याचा बोलण्याचा वेग सुमारे 26 टक्के कमी झाला होता. जग ज्याच्या तोंडाळपणावर फिदा होतं त्याची जीभ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मंदावत होती. 1996 मध्ये अटलांटाला थरथरत्या हाताने त्याने ऑलिंपिकची ज्योत पेटवली तो प्रसंग आजींनी पाहिला असेल. 3 जून 2016 रोजी तो गेला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

तर आजींना सांगा, तुमची भीती खरी आहे. पण तुमचा नातू जे खेळतोय ते पंधरा राउंडांचं बॉक्सिंग नाही. त्याच्या गटात छोटे तीन राउंड असतात, हेडगार्ड असतो, रेफ्री लगेच उभं करून आठ आकडे मोजतो आणि एकतर्फी वाटलं की थांबवतो. एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांनी समजून घ्या, हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, मेंदू हलायचा वाचत नाही. म्हणून खरी काळजी स्पर्धेची नाही, रोजच्या सरावाची करायची.

वडिलांनी क्लबमध्ये जाऊन विचारावं. डोक्यावर ठोसे चालणारं स्पारिंग आठवड्यातून किती वेळा होतं? माझ्याकडे या वयाच्या मुलांना पंधरा दिवसांतून एकदा, तेही हलक्या हाताने. एरवी फक्त खांद्याला किंवा पोटाला स्पर्श करायचा खेळ. जोडी लावताना वजनाबरोबर अनुभव बघतात का, की मोठ्या पोरांना मारायला लहान पोरं देतात? डोक्याला जोरात लागून लढत थांबली तर त्यानंतर किमान 30 दिवस रिंगमध्ये उतरू देत नाहीत, हा नियम पाळतात का? सरावात लागलं तर काय करतात? घरी आल्यावर डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणेपर्यंत ग्लोव्ह कपाटात. "मर्द बन" म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर त्या संध्याकाळीच क्लब बदला. तुमचे प्रशिक्षक हात वर ठेवा म्हणून घसा कोरडा करतायत, म्हणजे तसे नसावेत.

एक आणखी. फ्रेझरला अलीने लढतींच्या आधी जे घाणेरडं हिणवलं, तेही मोबाइलवर मुलं पाहतात आणि मजा म्हणून उचलतात. अलीवर बंदी होती तेव्हा फ्रेझरने त्याच्या बाजूने शब्द टाकला होता, पैशांचीही मदत केली होती. अलीने पुढे 2001 मध्ये माफी मागितली. फ्रेझरची जखम त्याआधीची तीस वर्षं भळभळत राहिली होती. मुलाला हे माहीत असू द्या.

आणि एका रविवारी त्याच्याजवळ बसा. आधी विल्यम्सची लढत लावा, आवाज बंद, आणि टीव्हीचा वरचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाका. फक्त पाय पाहू दे. मग रोज वीस मिनिटं दोरीवर उड्या आणि दहा मिनिटं नुसतं पावलांचं काम, हात गालाशी ठेवून. मग 1971 च्या लढतीचा पंधरावा राउंड लावा. फ्रेझरचा हूक सुटतो तिथे चित्र थांबवा आणि मुलाला विचारा, अलीचा उजवा हात कुठे आहे? त्याने उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी तेच प्रशिक्षकांना जाऊन दाखवायला सांगा.